कॉन्फरन्स बदलताना: राजीनाम्याचं पत्र सगळ्यात शेवटी

जून २०२३ मध्ये सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाने माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला एक पत्र पाठवलं. कॉन्फरन्स म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. राजीनामा देण्याचा आमचा इरादा आहे, पण मुदत महिनाभर वाढवून द्या, असा त्याचा आशय होता. ३० जूनच्या आत नोटीस दिली तर बाहेर पडण्याची फी, म्हणजे एक्झिट फी, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर होती. त्यानंतर ती जवळपास दुप्पट व्हायची. विद्यापीठ पॅक-१२ या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या निमंत्रणाची वाट पाहत होतं, ते आलंच नाही. माउंटन वेस्टने मात्र त्या पत्रालाच राजीनामा मानलं आणि कॉन्फरन्सच्या कमाईतला विद्यापीठाचा सुमारे ६६ लाख डॉलरचा वाटा रोखून धरला. पुढे तडजोड झाली आणि विद्यापीठ तेव्हा होतं तिथेच राहिलं. ज्या पॅक-१२ साठी हे सगळं केलं, ती ऑगस्टमध्ये फुटली.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत कॉन्फरन्सच्या हातात बरंच काही असतं: वेळापत्रक, टीव्हीचा पैसा, पंच, राष्ट्रीय स्पर्धेत थेट जाण्याची वाट. म्हणून बदलाचा विचार अमेरिकन फुटबॉलपासून सुरू झाला तरी निर्णय सगळ्या खेळांचा हिशेब मांडूनच घ्यावा लागतो. आणि कामांचा क्रम चुकला तर बरोबर निर्णयही महागात पडतो.

आधी घरचे कागद

नव्या कॉन्फरन्सच्या कमिशनरला, म्हणजे प्रमुखाला, फोन करण्याआधी सध्याच्या कॉन्फरन्सची घटना, पोटनियम आणि मीडिया हक्कांचा करार वकिलासोबत बसून वाचा. नोटीस किती महिने आधी द्यायची आणि वर्ष कुठल्या तारखेला संपतं, हे सर्वात आधी शोधा. बहुतेक ठिकाणी ३० जून आणि १ जुलै या दोन तारखांमध्ये लाखो डॉलरचं अंतर असतं. टेक्सस स्टेटने २०२५ मध्ये, पुन्हा उभ्या राहत असलेल्या पॅक-१२ कडे जाण्याचा निर्णय ३० जूनलाच जाहीर केला. त्यांच्या तेव्हाच्या कॉन्फरन्सची, सन बेल्टची, फी त्या दिवशी ५० लाख डॉलर होती, दुसऱ्या दिवसापासून ती १ कोटी होणार होती.

पोटनियमांत लिहिलेली मुदत मात्र अंतिम नसते. अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्सचा नियम २७ महिन्यांची नोटीस आणि १ कोटी डॉलर असा होता. सिनसिनाटी, ह्युस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा यांना २०२३ मध्येच बिग १२ ही कॉन्फरन्स गाठायची होती. त्यांनी प्रत्येकी १ कोटी ८० लाख मोजले, तेही १४ वर्षांच्या हप्त्यांत. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बिग १२ मधून एक वर्ष आधी सुटण्यासाठी मिळून १० कोटी डॉलर दिले. तेव्हा हिशेबात दोन आकडे धरा: मुदत पाळून निघण्याचा आणि लवकर निघण्याचा.

फीपेक्षा जास्त अडवणारा कागद म्हणजे प्रक्षेपण हक्कांचं हस्तांतरण. यात विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क कराराच्या मुदतीपुरते कॉन्फरन्सला देऊन टाकतं. तुम्ही फी भरून निघालात तरी हक्क मागेच राहू शकतात, आणि हक्कांशिवाय येणाऱ्या संघाला नवं घर कशाला घेईल? एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) हिचं असं हस्तांतरण २०३६ पर्यंतचं होतं. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन त्यावरून कोर्टात गेले. मार्च २०२५ च्या तडजोडीत फीची उतरती पायरी ठरली: २०२६ मध्ये १६ कोटी ५० लाख, मग दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी कमी होत अखेरीस ७ कोटी ५० लाख डॉलर. अशी पायरी तुमच्या करारात असेल तर दोन वर्षं थांबण्याची किंमत आणि आत्ता निघण्याची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहा. कधी कधी थांबणंच शहाणपणाचं ठरतं.

बास्केटबॉलच्या युनिटचं कलम सहसा कुणी वाचत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत तुमच्या पुरुष संघाने खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे, अंतिम सामना सोडून, कॉन्फरन्सला एक युनिट मिळतं. त्याचे साधारण २० लाख डॉलर सहा वर्षांत हप्त्याहप्त्याने येतात. ते कॉन्फरन्सच्या नावावर जमा होतात, त्यामुळे तुम्ही निघालात की राहिलेले हप्तेही सहसा तिथेच राहतात. नुकतीच चांगली कामगिरी झाली असेल तर ही रक्कम तोट्याच्या बाजूला लिहा.

वाट्याचा आकडा: पहिलं वर्ष नव्हे, सहा वर्षं

बातम्यांत येतो तो पूर्ण सदस्याचा वाटा. नव्याला तो लगेच मिळतोच असं नाही. एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) २०२४ मध्ये एसीसीत गेलं ते नऊ वर्षं टीव्हीचा पैसा न घेण्याच्या अटीवर. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) यांना पहिली सात वर्षं ३० टक्केच वाटा ठरला. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये साधारण अर्ध्या वाट्यावर गेले. एसएमयूच्या पाठीशी देणगीदार होते म्हणून त्यांना ते झेपलं. तुमच्याकडे तशी लेखी हमी नसेल तर हे उदाहरण बैठकीत मांडू नका.

कॉन्फरन्सने प्रत्येक सदस्याला प्रत्यक्षात किती दिलं, हे तिच्या आयकर विभागाकडच्या फॉर्म ९९० मध्ये दिसतं. हा फॉर्म सार्वजनिक असतो, पण आकडे वर्षभर किंवा त्याहून जुने असतात. मागच्या तीन वर्षांचे फॉर्म काढा आणि मग सहा वर्षांचा तक्ता करा. जमेला वाटा आणि तिकीटविक्रीतली वाढ. खर्चाला एक्झिट फी, प्रवेश फी, प्रवास, प्रशिक्षकांचे वाढणारे पगार, टीव्ही निर्मितीची खोली आणि माणसं. अनेक कॉन्फरन्समध्ये ऑनलाइन सामन्यांचं प्रक्षेपण विद्यापीठानेच करायचं असतं. कॅमेरे, केबल आणि ते चालवणारी माणसं वर्षभर लागतात, हे तक्त्यातून हमखास सुटतं. खेळाडूंना थेट द्यायच्या रकमेचा रकानाही हवा. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या, हाउस खटल्यातल्या तडजोडीनुसार २०२५-२६ ची कमाल मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. नव्या गटातले शेजारी मर्यादेपर्यंत देत असतील आणि तुम्ही देणार नसाल, तर मैदानात त्याचा परिणाम दिसेल.

प्रवास: एक खेळ पूर्ण मांडून बघा

महिला व्हॉलीबॉल घ्या. २२ जणांचा चमू, बाहेरगावचे दहा सामने, एका दौऱ्यात दोन, म्हणजे पाच दौरे. जुनी कॉन्फरन्स बसच्या अंतरावर आहे असं समजा. बस ५,००० डॉलर; १२ खोल्या, दोन रात्री, १४० डॉलरने ३,३६०; जेवण माणशी रोज ६० डॉलर, अडीच दिवसांचं ३,३००. दौऱ्याला ११,६६०, हंगामाला ५८,३००. नव्या कॉन्फरन्समध्ये विमान लागतं. तिकिटं माणशी ४५० प्रमाणे ९,९००. १२ खोल्या, तीन रात्री, १६० डॉलरने ५,७६०. साडेतीन दिवसांचं जेवण ४,६२०. तिथली बस २,५००. दौऱ्याला २२,७८० आणि हंगामाला १,१३,९००. एका खेळात वर्षाला ५५,६०० डॉलरचा फरक पडला. दर तुमचे घाला, पण हा हिशेब प्रत्येक खेळाचा वेगळा करा. सरासरी काढून सगळ्यांना लावू नका. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलचे चमू मोठे असतात आणि मालिका तीन सामन्यांच्या, तिथे फरक बराच वाढतो.

डॉलरच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: बुडणारे तास. प्रवासाचा वेळ सरावाच्या आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत धरला जात नाही. रविवारी दुपारचा सामना संपवून दोन विमानं बदलत पहाटे पोहोचलेली मुलगी सोमवारी नऊच्या प्रयोगशाळेत काय करणार, हे अॅथलेटिक विभागाने नाही, शैक्षणिक सल्लागारांनी सांगायचं असतं. त्यांना समितीत पहिल्या दिवसापासून घ्या.

उघड्यावर पडणारे खेळ

नवी कॉन्फरन्स तुमचा प्रत्येक खेळ चालवतेच असं नाही. एसईसी या कॉन्फरन्समध्ये पुरुषांचा सॉकर नाही, म्हणून केंटकी आणि साउथ कॅरोलायनाचे संघ सन बेल्टमध्ये खेळतात. मिझुरी २०१२ मध्ये एसईसीत गेलं तेव्हा त्याच्या कुस्तीला एमएसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जागा शोधावी लागली. २०२१ मध्ये ती पुन्हा बिग १२ मध्ये आली. उलटही घडतं. यूकॉन, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठ, २०२० मध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्सला परतलं तेव्हा तिथे फुटबॉलच नव्हता. बाहेर पडायला १ कोटी ७० लाख, आत यायला ३५ लाख डॉलर मोजून फुटबॉल स्वतंत्र ठेवला गेला. ज्या विद्यापीठाचा जीव बास्केटबॉलमध्ये आहे, त्याच्यासाठी आमच्या मते तो योग्य सौदा होता.

म्हणून प्रत्येक खेळापुढे नाव लिहा: मुख्य कॉन्फरन्स, सहयोगी (त्या खेळापुरतं दुसऱ्या कॉन्फरन्सचं) सदस्यत्व, की स्वतंत्र. सहयोगी सदस्यत्वाचं लेखी आश्वासन हातात येईपर्यंत ती ओळ कोरी समजा. एखादा खेळ बंद करावा किंवा नवा काढावा लागणार असेल, तर टायटल नाइन या लिंगसमानतेच्या कायद्याखालचं महिला-पुरुष खेळाडूंचं प्रमाणही तपासून घ्या.

फुटबॉलच्या खालच्या स्तरातून (एफसीएस) वरच्या स्तरात (एफबीएस) चढायचं असेल तर आणखी अटी येतात. एफबीएस कॉन्फरन्सचं निमंत्रण लागतं, २०२३ मध्ये ५,००० वरून ५० लाख डॉलर झालेली अर्ज फी भरावी लागते, आणि संक्रमणाची दोन वर्षं काढावी लागतात. जेम्स मॅडिसनने २०२३ चा नियमित हंगाम ११ विजय आणि एका पराभवाने संपवला, तरी सन बेल्टच्या अंतिम सामन्यात त्यांना जागा नव्हती. बाउल (हंगामानंतरचा सामना) मिळाला, तो पात्र संघ कमी पडले म्हणून.

त्याच विद्यापीठाने त्याआधी दुसरी किंमत मोजली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये जाण्याची घोषणा होताच जुन्या कॉन्फरन्सने, सीएएने, पोटनियमावर बोट ठेवून त्यांच्या संघांना त्या वर्षाच्या कॉन्फरन्स स्पर्धांतून बाद केलं. जो सॉफ्टबॉल संघ काही महिन्यांपूर्वीच राष्ट्रीय वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला होता, त्याचाही रस्ता बंद झाला. शेवटच्या वर्षाच्या मुलींना पुढची संधी नसते. असं कलम तुमच्याकडे असेल तर घोषणेची तारीख त्यांचा हंगाम डोळ्यांसमोर ठेवून ठरवा, आणि बातमी त्यांना मोबाइलवर कळण्याआधी प्रशिक्षकांमार्फत कळू द्या.

शेवटचे दोन आठवडे

नव्या कॉन्फरन्सचा तोंडी होकार म्हणजे होकार नव्हे, सदस्यांचं मतदान व्हावं लागतं. स्टॅनफर्ड, बर्कली आणि एसएमयू यांना एसीसीत १५ पैकी १२ मतं लागत होती, आणि एक मत फिरेपर्यंत गाडी काही आठवडे अडून राहिली. सरकारी विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाला ठराव बहुधा जाहीर बैठकीतच करावा लागतो, आणि बैठकीची सूचना आधी द्यावी लागते. तो कालावधी ३० जूनपासून मागे मोजा. तुमचे ईमेलही माहिती कायद्याखाली मागवले जाऊ शकतात, हे धरूनच लिहा.

क्रम असा ठेवा: मतदान, वाटा आणि प्रवेशाची तारीख लिहिलेलं सहीचं निमंत्रण, मंडळाचा ठराव, नव्या करारावर सही. हे चारही झाले की मगच नोटीस. नोटिशीत तीनच गोष्टी असू द्या: आम्ही राजीनामा देत आहोत, तो अमुक तारखेपासून लागू होईल, तो पोटनियमांच्या अमुक कलमाखाली आहे. 'इरादा', 'विचार', 'मुदतवाढ' असे शब्द नकोत. पत्र पोटनियमांत सांगितलेल्या पत्त्यावर आणि सांगितलेल्या मार्गानेच पाठवा, आणि तारीख-वेळेची पोहोच घ्या.