गवा पाहण्यास निघण्यापूर्वी: मराठवाड्यातील शाळांसाठी अभ्यास-सहलीची पद्धत

गव्याच्या अभ्यासाची सुरुवात गावातल्या गोठ्यापासून करावी. गवा हा आपल्या देवणी आणि लाल कंधारी गाईंच्याच ‘बॉस’ या प्रजातीतला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातला, प्राणी आहे. लोक त्याला ‘गवा रेडा’ म्हणत असले तरी तो रेडा नव्हे, आणि ‘भारतीय बायसन’ हे नाव रूढ असले तरी अमेरिकेतला बायसनही नव्हे. निघण्यापूर्वी आठवडाभर विद्यार्थ्यांनी आपली जनावरे कोठे चरतात, केव्हा पाण्यावर जातात आणि कोठे बसून रवंथ करतात, हे वहीत नोंदवावे. पुढे जंगलात तेच मोठ्या अंगाने दिसते.

नांदेडकडील शाळांना ताडोबा, छत्रपती संभाजीनगरकडील शाळांना मेळघाट आणि लातूर-धाराशिवकडील शाळांना सोलापूर-कोल्हापूरमार्गे राधानगरी सोयीचे पडते. प्रवास लांबला तरी राधानगरीच निवडावे, असे माझे मत आहे, कारण व्याघ्रप्रकल्पात गेलेली मुले वाघाच्या ओढीने समोरचा गवा सोडून देतात. राधानगरीतील दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठीच अभयारण्य झाले आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार सुमारे ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत झाला. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, म्हणून वन विभागाची परवानगी आधी घेऊन फेब्रुवारीतील दिवस ठरवावेत.

पाणवठ्याजवळ पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास थांबावे. पायांतले पांढरे मोजे, नराचा काळाभोर रंग आणि पाठीवरील उंच कणा यांवरून ओळख पटते. मोठा नर टनभर वजनाचा असू शकतो. तो आडवा उभा राहून आपले सगळे अंग दाखवू लागला, तर तो इशारा समजून मागे सरावे. एकट्या नराजवळ तर जाऊच नये आणि गाडीतून उतरू नये. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यातील कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीत धावून धावून थकला आणि पकडल्यानंतर मरण पावला, ही घटना मुलांना निघण्यापूर्वीच सांगावी.

एवढे झाल्यावर बहुतेक सहली परततात. खरे तर अर्धा दिवस अभयारण्याच्या सीमेवरील गावासाठी राखून ठेवला पाहिजे. कुंपणाची रेघ रोगाला अडवत नाही. बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने पूर्वी दक्षिण भारतातील गव्यांचे कळप मारले, आणि लाळ्या-खुरकूत आजही गुरांकडून गव्यांकडे जाऊ शकते. म्हणून तेथील पशुपालकांना लसीकरण वेळेवर होते का, गुरे कोणत्या पाणवठ्यावर जातात आणि गवे उसात शिरल्यास भरपाई किती दिवसांनी मिळते, हे विचारावे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९०२ च्या सुमारास जेमतेम दोन डझन बायसन उरले होते. संरक्षणामुळे ते हजारोंवर गेले. परंतु हिवाळ्यात ते उद्यानाबाहेर उतरले की सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) या रोगाच्या भीतीने पशुपालकांशी वाद होतो, आणि हा रोग बायसनांना मुळात पाळीव गुरांकडूनच लागलेला आहे.

केवळ संरक्षित क्षेत्र असणे पुरेसे नसते, याचे जवळचे उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातील बांधवगड. राष्ट्रीय उद्यान असूनही तेथील गवा १९९० च्या दशकात नाहीसा झाला, आणि २०११ व २०१२ मध्ये कान्हा येथून ५० गवे आणून तेथे पुन्हा वसवावे लागले.

परत आल्यावर हेच प्रश्न आपल्या भागातील संरक्षित वनाला लावावेत. गौताळा किंवा येडशी येथे गवत कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, वणवा कोठून लागतो, चराईची गुरे कोणत्या वाटेने आत जातात, हे वनरक्षकांना विचारून विद्यार्थ्यांनी गावाच्या नकाशावर मांडावे, आणि त्याच नकाशावर पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळालेल्या लसीकरणाच्या तारखाही लिहाव्यात.