धनी कापा, छत्रीवाला ठेवा

गुलामगिरीवर कोलाज करायचं म्हटलं की मुलं आधी साखळदंडाची चित्रं शोधायला लागतात. माझ्या चित्रकलेच्या वर्गात त्या चित्रांना बंदी आहे. आपल्याला गोव्याचा बाजार करायचाय आणि त्याचं चित्र आयतं उपलब्ध आहे.

लिन्सखोटेन नावाचा डच १५८३ साली इथं आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आला. गुरं विकावीत तशी माणसं इथं रोज विकली जातात, असं त्यानं लिहून ठेवलंय. १५९६ च्या त्याच्या ग्रंथात जुन्या गोव्याच्या बाजारपेठेचं आणि ऐटीत फिरणाऱ्या पोर्तुगीज उमरावांचं कोरीव चित्रण आहे. त्याच्या प्रती घ्या, पण लेझर प्रिंटच. इंकजेटची शाई खळ लागली की फुटते.

आता मुख्य काम. घोड्यावरचा उमराव टोकदार कात्रीनं अलगद कापून काढा आणि टाकून द्या. त्याच्यावर छत्री धरणारा गुलाम तसाच राहू द्या. मधे पडलेल्या भोकात काय दिसावं हे तुम्ही ठरवायचं. मी मागून नकाशावहीतला मोझांबिकचा किनारा लावते, कारण इथं आणलेले कितीतरी जण तिथूनच जहाजात चढवलेले. गुलामाची आकृती मात्र एकटी कापून फुलाफुलांच्या कागदावर चिकटवू नका. तो शोभेचा तुकडा होतो.

मांडणी आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदीसारखी, म्हणजे गोधडीसारखी करा. गोव्यातून निसटून घाटापलीकडे गेलेल्या गुलामांचे वंशज कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दींमध्ये आहेत, असं मानतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी कोपऱ्यापासून शिवायला घेतात आणि कडेकडेनं फिरत मध्याकडे येतात. तुम्हीही कडेनं जुन्या लुगड्याचे, शर्टाचे तुकडे लावत आत या. कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ बसवतात, तीही लावा.

मुक्तीसाठी तुटलेली बेडी नको. १८६९ च्या हुकुमानं पोर्तुगीज साम्राज्यात गुलामी संपली खरी, पण सुटलेल्यांना १८७८ पर्यंत जुन्या धन्याकडेच राबायचं होतं. म्हणून १८६९ हा आकडा ठळक लिहून त्यावर पतंगाचा कागद चिकटवा. आकडा दिसतो, पण धूसर. (१९६१ चा तिरंगा इथं घुसवू नका, तो वेगळा विषय.)

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, वाटीभर पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, तेव्हा मोठ्यांनीच घालावं आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. पुठ्ठ्याच्या मागेही एक कागद चिकटवा, नाहीतर वाळताना तो वाकतो. वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा. पावसाळ्यात दोन रात्री, आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी धरते.