बॅकयार्डसाठी हॉट टब घेताय? आधी टेप घेऊन मागे जा

ब्रँड सगळ्यात शेवटी बघायचा. तुमच्या घरी कुठला टब बसेल हे अर्धंअधिक तुमचं बॅकयार्ड, तुमचं इलेक्ट्रिक पॅनल आणि तुमचं साइडचं गेट ठरवतं, त्यामुळे शोरूममध्ये जायच्या आधी टेप घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. मी न्यू जर्सीच्या हिशोबाने लिहितेय, म्हणजे बर्फ, जानेवारीतली थंडी, टाउनशिपची परमिटं आणि नशिबात असेल तर वर एचओएची, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची, कटकट. टेक्सासवाल्यांनी थंडीचा भाग सोडून वाचा, बाकी सगळं तेच आहे.

अजून एक म्हणजे टब निवडताना डोळ्यासमोर पार्टी आणूच नका. मंडळातली आठ माणसं टबमध्ये बसून गप्पा मारतायत असं चित्र आपण सगळेच रंगवतो, पण प्रत्यक्षात टब वापरला जातो तो जानेवारीतल्या कुठल्यातरी मंगळवारी रात्री, जेवणं झाल्यावर, आणि आत असतात दोघं, फार तर एखादं मूल. तेव्हा बाहेर २५ फॅरनहाइट असताना तुम्ही खरंच उठून जाल का, हा प्रश्न प्रत्येक निर्णयाला विचारायचा. म्हणूनच बॅकयार्डच्या कोपऱ्यात झाडाखाली टब फोटोत कितीही छान दिसला तरी दारापासून ४० फूट लांब असेल तर फेब्रुवारीपर्यंत तुम्ही जाणं सोडलेलं असेल. मागच्या दारापासून चार पावलांवर जागा बघा. झाडाखाली नको, पानं आणि परागकण सतत पडतात. छपराच्या कडेखालीही नको, बर्फ वितळला की सगळं पाणी कव्हरवर. वरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागा बादच. आणि रात्री त्या जागी उभं राहून एकदा शेजाऱ्यांच्या वरच्या खिडक्या बघून घ्या, म्हणजे नंतर घाईघाईने स्क्रीन लावायची वेळ येणार नाही.

आता वजनाचं, कारण इथे लोक फार बिनधास्त असतात. मध्यम आकाराचा ७ बाय ७ फुटाचा टब धरा, त्यात साधारण ४०० गॅलन म्हणजे १५०० लिटर पाणी. एक गॅलन पाणी ८.३४ पाउंड, म्हणजे नुसतं पाणीच ३३०० पाउंडाच्या वर गेलं. रिकामा टब ८०० पाउंड धरा, पाच माणसं मिळून अजून ८०० च्या आसपास, झाले ५००० पाउंड. ते ४९ चौरस फुटांवर, म्हणजे चौरस फुटाला १०० पाउंडाच्या पुढे. घराचा साधा लाकडी डेक बहुतेक ठिकाणी चौरस फुटाला ४० पाउंड लाइव्ह लोड (म्हणजे माणसं-सामानाचं वजन) धरून बांधलेला असतो. गणित तुमच्यासमोर आहे. डेकवरच पाहिजे असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, खाली जादा बीम आणि फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) टाकून होतं, पण "आमचा डेक मजबूत आहे हो" या भरवशावर नको. सगळ्यात सरळ काम म्हणजे ४ इंच जाडीचा काँक्रीट पॅड, नीट लेव्हलमध्ये. दाबून बसवलेल्या खडीवर पेव्हर टाकलेलेही चालतात. गवतावर थेट ठेवू नका, जमीन एका बाजूला खचली की टब वाकडा होतो, शेलवर, म्हणजे टबच्या मुख्य सांगाड्यावर, ताण येतो आणि वॉरंटीवाले अशा वेळी हात वर करतात.

पॅड टबपेक्षा थोडा मोठा ठेवा. सर्व्हिसवाल्याला मोटरपर्यंत पोचायला दोन-तीन फूट जागा लागते, आणि कव्हर उचलून बाजूला धरणारा लिफ्टर लावणार असाल (लावाच) तर त्या बाजूलाही दीड-दोन फूट.

मग गेट. टब येतो तो आडवा, म्हणजे एका कुशीवर उभा करून ढकलगाडीवर ठेवलेला, त्यामुळे त्याची उंची ३६ इंच असेल तर ती होते रुंदी, आणि वरची उंची जाते साडेसात-आठ फुटांवर. साइडचं फेन्सचं गेट ३६ इंची, घराच्या कुशीत एसीचं युनिट आणि गॅस मीटर, वर लटकणारी केबल, यातलं एक जरी आडवं आलं तरी गाडी तिथेच अडते. फेन्सचं एखादं पॅनल काढून चालत असेल तर उत्तम, नाहीतर क्रेन मागवून घरावरून टब उचलून न्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. कॉस्टकोसारख्या ठिकाणाहून स्वस्तात मिळतो खरा, पण तिथे डिलिव्हरी म्हणजे ड्राइव्हवेच्या तोंडापर्यंतच आहे की पॅडपर्यंत आणून ठेवणार, हे ऑर्डर देण्याआधी वाचून घ्या. आठशे पाउंडाचं धूड चार मित्र आणि बिर्याणीच्या आमिषावर मागे नेता येत नाही.

विजेचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण टबचा खरा फरक इथे पडतो. दोन प्रकार असतात. एक "प्लग अँड प्ले", साध्या ११०-१२० व्होल्टच्या प्लगवर चालणारा, त्याचा हीटर १ ते दीड किलोवॅटचा. दुसरा २४० व्होल्टचा, बहुतेक वेळा ५० अँपिअरचा ब्रेकर लागणारा, त्यात हीटर ४ ते साडेपाच किलोवॅट. ४०० गॅलन पाणी १ किलोवॅटच्या हीटरवर तासाला जेमतेम १ डिग्री फॅरनहाइट तापतं, म्हणजे नळाचं ५५ डिग्रीचं पाणी १०२ वर न्यायला दोन दिवस, आणि थंडीत त्याहून जास्त. साडेपाच किलोवॅटवर तेच काम आठ-नऊ तासांत. पण एकदा तापलं की पाणी तापलेलंच ठेवायचं असतं, मग रोज काय फरक पडतो? फरक असा की १२० व्होल्टच्या बहुतेक टबमध्ये जेट, म्हणजे पाण्याचे फवारे, जोरात चालू केले की हीटर बंद होतो, दोन्हींना मिळून पुरेल एवढी वीजच प्लगमधून येत नाही. म्हणजे त्याच आपल्या जानेवारीतल्या मंगळवारी कव्हर उघडं, जेट चालू, हीटर बंद, आणि पाणी हळूहळू गार व्हायला लागतं. फ्लोरिडात चालून जाईल, इकडे माझं मत २४० व्होल्टलाच.

फक्त त्याआधी पॅनल उघडून बघा. जुन्या घरांत १०० अँपिअरचं पॅनल असतं आणि त्यावर आता गराजमध्ये गाडीचा चार्जर, इलेक्ट्रिक ड्रायर, इंडक्शन सगळं लावलेलं, मग टबला जागा उरत नाही. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे पॅनलवर अजून किती भार बसेल याचा हिशोब, करून घ्या आणि हा खर्च टबच्या किमतीतच धरा, कारण पॅनल लांब असेल, खंदक खणून वायर न्यायची असेल तर तो हजारांत जातो. टबजवळ जीएफसीआय (शॉक बसायच्या आत वीज तोडणारं संरक्षण) असलेला डिस्कनेक्ट बॉक्स लागतो, तो पाण्यापासून किमान ५ फूट दूर आणि टबवरून दिसेल असा. खणायच्या आधी ८११ ला फोन करायचा, फुकट आहे, गॅसची लाइन कुठून जाते ते येऊन खुणा करून जातात. इलेक्ट्रिकल परमिट काढाच, घर विकताना नाहीतर पुढे येतं. लहान मुलं पाण्यापर्यंत पोचू नयेत म्हणून फेन्सचा नियम असतो, त्यात बऱ्याच टाउनशिपना एएसटीएम एफ१३४६ (कव्हरच्या सुरक्षेचं मानक) मार्कचं लॉक होणारं कव्हर चालतं, पण तुमच्या टाउनशिपला विचारून घ्या.

एवढं झालं की शोरूम. तिथे गेल्या गेल्या तुम्हाला जेट मोजून दाखवतील. ३०, ४५, ६०. जेट म्हणजे शेवटी भोकं, पाणी ढकलतो तो पंप, एका पंपावर साठ भोकं पाडली की प्रत्येकातून गुदगुल्या. पंपाच्या हॉर्सपॉवरवरही जाऊ नका, स्टिकरवर मोठ्या अक्षरात ५ एचपी लिहिलेलं असतं आणि मोटरच्या प्लेटवर २४० व्होल्ट, १० अँपिअर. म्हणजे २४०० वॅट, एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, भागून बघा, तीनच्या थोडं वर. असा हिशोब सेल्समनसमोर फोनवर करा, पुढचं बोलणं एकदम सरळ होतं.

त्यापेक्षा आत बसून बघा. कोरड्या टबमध्ये तर बसाच, पण चांगले डीलर पाणी भरलेल्या टबमध्येही बसू देतात, वेळ ठरवून स्विमसूट घेऊन जायचं. लाजू नका, पाच आकडी पैसे देताय. लाउंजर म्हणजे पाय पसरून झोपायची सीट दिसायला फार भारी, पण पाच फुटाच्या माणसाला ती धरून ठेवत नाही, पाण्यात माणूस तरंगून वर येतो आणि पाय समोरच्याच्या मांडीवर. आपल्याकडच्या आया, सासवा, बऱ्याचशा आपण स्वतः याच उंचीच्या. शिवाय लाउंजर दोन माणसांची जागा खातो. "सहा सीटर" म्हणजे मोठी माणसं चार असं समजायचं, पाय ठेवायची जागा मध्ये एकच असते. आईबाबा उन्हाळ्यात सहा महिने येणार असतील तर आत उतरायची पायरी किती खोल आहे आणि बाहेर हँडरेल बसतो का ते बघा, गुडघे दुखणारा माणूस तीन फुटाची भिंत ओलांडणार कशी?

इन्सुलेशन आणि कव्हर हे कोणी विचारत नाही आणि वीजबिल तिथेच ठरतं. फुल फोम म्हणजे पूर्ण पोकळीत फोम भरलेला, उष्णता छान धरतो, पण आत पाइप गळला तर फोम खरवडत शोधावं लागतं. कडेकडेने इन्सुलेशन असलेले टब दुरुस्तीला सोपे. थंड भागात मी फुल फोमच घेईन. कॅलिफोर्नियात टबवर स्टँडबाय वॅटचं, म्हणजे न वापरता नुसतं पाणी गरम ठेवायला लागणाऱ्या विजेचं, लेबल लावावं लागतं, त्यामुळे बऱ्याच मॉडेलचा तो आकडा मिळतो, डीलरकडे मागा. समजा २०० वॅट आहे, तर गुणिले २४ गुणिले ३० म्हणजे महिन्याला १४४ युनिट, तुमच्या बिलातल्या दराने गुणा. ती टेस्ट साधारण ६० फॅरनहाइट हवेत होते, इकडच्या हिवाळ्यात त्याहून बरंच जास्त धरा, जेटची वीज वेगळी. कव्हर मध्यभागी जाड, कडेला उतार असलेलं घ्या, आणि मधल्या घडीतून वाफ जायला नको, तिथे पूर्ण लांबीचं सील पाहिजे. काही वर्षांनी फोम पाणी पितो, कव्हर उचलवेना झालं की बदलायचं. ओळखीत कोणाकडे टब असेल तर बर्फ पडल्यावर जाऊन बघा, कव्हरवर बर्फ तसाच साचून राहिलाय म्हणजे उष्णता आतच आहे.

किमती ढोबळ मानाने सांगते. हवा भरायचे पाचशे ते हजार डॉलर, एखादा सीझन आपल्याला सवय लागते का हे बघायला ठीक, पण कडाक्याच्या थंडीत त्यांचा टिकाव लागत नाही. प्लग अँड प्ले तीन ते सहा हजार, चांगले २४० वाले आठ ते पंधरा, त्यापुढे हौसेला मोल नाही. लिस्ट प्राइस कोणी देत नसतं, त्यामुळे "आज सही केली तर चार हजार कमी" ऐकून घाम फुटू देऊ नका, पुढच्या आठवड्यातही तेच कमी करतात. कव्हर, लिफ्टर, पायऱ्या, डिलिव्हरी किमतीत आहे का ते लिहून घ्या. वॉरंटीत शेल, पाइप, मोटर आणि लेबर यांची वर्षं वेगवेगळी असतात, मोठा आकडा फक्त शेलचा असतो. आणि बिघडल्यावर घरी कोण येणार? जवळपास सर्व्हिस देणारा माणूस असलेला साधा ब्रँड मला चकचकीत लांबच्या ब्रँडपेक्षा बरा वाटतो. सेकंडहँड घेत असाल तर पाणी भरून, तापवून, जेट चालवून दाखवलेलाच घ्या. "रिकामा करून ठेवलाय पण चालतो" या टबच्या वाटेला जाऊ नका.

केमिकलला घाबरायचं कारण नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा पाणी तपासायची पट्टी बुडवून बघायचा कंटाळा असेल तर टब घेऊच नका. क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग), ब्रोमीन वापरत असाल तर किमान ४, पीएच ७ ते ७.८. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं आणि मग अंगावर पुरळ उठवणारे जंतू आणि फुप्फुसाला आजार करणारे लीजनेलासारखे जंतू वाढतात. सॉल्टवॉटर सिस्टीम घेतली की केमिकल नाही असं सांगतात, ते खरं नाही, ती मिठापासून क्लोरीन किंवा ब्रोमीनच तयार करते, पट्टी तरीही बुडवायचीच. पाणी तीन-चार महिन्यांनी बदलायचं, आणि ते कडाक्याच्या थंडीत येणार नाही असं गणित ठेवा, नोव्हेंबरअखेरीस नवं पाणी भरलं की मार्चपर्यंत निभावतं. आपल्या घरांतला खास प्रश्न म्हणजे तेल. चंपी करून, नाहीतर नरक चतुर्दशीला तेल-उटणं लावून टबमध्ये उतरलात तर फेसाचा डोंगर होतो आणि फिल्टर तुंबतो. आधी साबणाने अंघोळ, मग टब, पाहुण्यांनाही हे तोंडावर सांगायचं.

पाणी १०४ फॅरनहाइटच्या वर कधीच नको, पाच वर्षांखालच्या मुलांना आत घेऊ नका, गरोदर असाल किंवा बीपी-हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दारूचा ग्लास घेऊन बसायची फॅशन आहे, पण गरम पाणी आणि दारू मिळून चक्कर येते, झोप लागते, आणि माणूस पाण्यात असतो.

टब आला की पहिल्यांदा पाणी भरताना होज फिल्टरच्या खळग्यात सोडा, मध्ये नको, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. आणि पाणी खुणेपर्यंत आल्याशिवाय ब्रेकर चालू करू नका, मुलं कितीही मागे लागली तरी.