कारसाठी सुटे दिशादर्शक यंत्र घ्यावे का आणि घेतल्यास ते कसे वापरावे: नागपूरकरांसाठी मार्गदर्शन

मोबाइलमध्ये नकाशा असताना कारच्या काचेवर लावायचे वेगळे दिशादर्शक यंत्र, ज्याला आपण सर्रास ‘जीपीएस’ म्हणतो, विकत घ्यावे का, याचे उत्तर आपली गाडी कुठे धावते यावर अवलंबून आहे. ज्यांचा प्रवास धरमपेठ ते मिहान आणि परत एवढाच आहे, त्यांना या यंत्राची गरज नाही. पण ज्यांना कामानिमित्त किंवा आवडीने वरचेवर मेळघाट, पेंच, नवेगावबांध किंवा गडचिरोलीच्या बाजूला जावे लागते, त्यांच्यासाठी ते आजही उपयोगाचे आहे. मी दोन्ही साधने वापरतो. त्या अनुभवावरून निवड आणि वापर कसा करावा, हे क्रमाने सांगत आहे.

पहिली पायरी: आधी महिनाभर स्वतःच्या प्रवासाची नोंद ठेवा

दुकानात जाण्यापूर्वी एक साधी वही गाडीत ठेवावी आणि प्रत्येक मोठ्या प्रवासानंतर तीन गोष्टी लिहाव्यात: मोबाइलची रेंज कुठे गेली, मोबाइल तापून बंद पडला का, आणि ऐन वळणावर फोन आल्यामुळे रस्ता चुकला का. शक्य असल्यास ही नोंद एप्रिल-मे महिन्यात करावी, कारण आपल्याकडचा उन्हाळा हीच या प्रश्नातली सर्वांत खडतर कसोटी आहे.

याच महिन्यात, जिथे जायचे आहे त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेऊन प्रवास करून पाहावा. जीपीएसला इंटरनेट लागते हा समज चुकीचा आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत संदेश पाठवत असतात, आपले साधन ते फक्त ऐकते, आणि किमान चार उपग्रहांचे संदेश नीट मिळाले की त्यांना लागलेल्या वेळेवरून ते स्वतःची जागा काढते. इंटरनेट लागते ते नकाशाची चित्रे, पत्त्यांचा शोध आणि रस्त्यावरची गर्दी कळण्यासाठी. म्हणजे नकाशा आधी उतरवलेला असेल, तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना रेंज गेली तरी मोबाइलही रस्ता दाखवतो. विक्रेते ‘रेंजशिवाय चालते’ हाच यंत्राचा मुख्य गुण म्हणून सांगतात, पण एवढ्यासाठीच यंत्र घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

यंत्राचे खरे फायदे वेगळे आहेत. मोबाइल मोकळा राहतो, त्यामुळे गाडी आडरानात बंद पडली तर मदतीसाठी त्याची बॅटरी शिल्लक असते. फोन आला म्हणून पडद्यावरचा नकाशा झाकला जात नाही. स्वतःची गाडी, भावाची गाडी, भाड्याची गाडी, कोणत्याही गाडीत ते नेता येते, जे गाडीत कायमच्या बसवलेल्या पडद्याच्या बाबतीत शक्य नसते. उन्हाचाही मुद्दा आहे. भर दुपारी काचेवर लावलेला, त्याच वेळी चार्ज होत असलेला आणि इंटरनेट चालू असलेला मोबाइल तिन्ही बाजूंनी तापतो, मग त्याचा पडदा मंद होतो आणि शेवटी तो तापमानाची सूचना दाखवून काम थांबवतो. यंत्रावर एकच काम असल्यामुळे ते तुलनेने जास्त वेळ तग धरते.

तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. पुढच्या चौकात कोंडी आहे की नाही, हे बहुतेक सुट्या यंत्रांना कळत नाही. नवे दुकान, नवे रुग्णालय, नवा उड्डाणपूल त्यात आपोआप येत नाही, त्यासाठी नकाशा संगणकावरून किंवा मेमरी कार्डवरून अद्ययावत करावा लागतो, आणि हे काम कंटाळा न करता करणारी माणसे थोडी आहेत. आपण त्यांपैकी नसाल, तर यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जुना नकाशा आत्मविश्वासाने चुकीचा रस्ता सांगतो आणि नवख्या माणसाला ती चूक ओळखता येत नाही.

दुसरी पायरी: घेण्याआधी नकाशाचे वय तपासा

यंत्रावर छापलेल्या वर्षावर विसंबू नये. नागपूरकराला नकाशाचे वय ओळखण्याची सोपी युक्ती उपलब्ध आहे. यंत्राला नागपूर ते मुंबई हा मार्ग विचारावा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. शिवमडक्याहून निघून थेट आमणेपर्यंत मार्ग दाखवला, तर नकाशा ताजा आहे. मार्ग शिर्डीच्या आसपास महामार्ग सोडत असेल, तर तो मधल्या काळातला आहे. समृद्धी महामार्ग दिसतच नसेल, तर त्या यंत्रावर आपली गाडी शेतातून चालल्यासारखी दिसेल. तसेच वर्धा रोडच्या मार्गावर ४४ ऐवजी फक्त ७ आणि अमरावती रोडवर ५३ ऐवजी फक्त ६ हे राष्ट्रीय महामार्गाचे जुने क्रमांक दिसले, तर तो नकाशा फारच जुना समजावा. आपण बोलताना आजही ‘सहा नंबर’ म्हणतो, पण रस्त्यावरच्या पाट्या बदललेल्या आहेत.

जुने, वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर आणखी एक तपासणी करावी. जीपीएसमध्ये आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते, आणि असा बदल ६ एप्रिल २०१९ रोजी झाला. ज्या जुन्या यंत्रांची अंतर्गत प्रणाली त्यानंतर सुधारली गेली नाही, त्यांतली काही सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवतात. मोकळ्या जागेत यंत्र सुरू करून तारीख आणि वेळ बरोबर येते का, एवढे पाहिले की पुरते. नकाशाचे पुढचे अद्ययावतीकरण मोफत आहे की दरवर्षी पैसे भरावे लागतील, हेही बिल करण्याआधीच विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: यंत्र बसवणे

यंत्र समोरच्या काचेच्या खालच्या भागात, रस्ता झाकणार नाही आणि एअरबॅगच्या झाकणासमोर येणार नाही, असे लावावे. वायर स्टिअरिंग आणि गिअरपासून दूर ठेवावी. काचेवर धातूचा अंश असलेली उष्णतारोधक फिल्म असेल, तर उपग्रहांचे संदेश अडतात, हे लक्षात ठेवावे. उन्हाळ्यात यंत्र काचेला चिकटवणारी रबरी चकती सैल होऊन यंत्र खाली पडते, म्हणून काच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करूनच चकती दाबावी.

कायद्याच्या बाजूने पाहता, १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार हातातले साधन गाडी चालवताना केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. म्हणून ठिकाण घालण्याचे काम गाडी सुरू करण्यापूर्वी किंवा शेजारी बसलेल्या व्यक्तीने करावे.

चौथी पायरी: पहिली सुरुवात मोकळ्या आकाशाखाली करा

यंत्र बरेच दिवस बंद असेल, तर त्याला प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती पुन्हा घ्यावी लागते. ही माहिती एका उपग्रहाकडून पूर्ण यायला सुमारे ३० सेकंद लागतात. याच वेळात आपण इतवारी किंवा महालच्या अरुंद गल्लीतून गाडी काढू लागलो, तर संदेश मधेच तुटतो आणि मोजणी पुन्हा सुरू होते. त्यामुळे प्रथम वापरताना चार-पाच मिनिटे मोकळ्या जागेत गाडी उभी ठेवावी.

यंत्राची अचूकता पाहायला आपल्या शहरात झिरो माइलसारखी दुसरी जागा नाही. ज्या दगडी स्तंभाचा संबंध इंग्रजांच्या काळातल्या भूमापनाशी आहे, त्याच्याजवळ उभे राहून उपग्रहांवरून स्वतःची जागा वाचणे, हे मला दर वेळी विशेष वाटते. तिथे अक्षांश २१.१५ च्या आणि रेखांश ७९.०८ च्या आसपास दिसायला हवा.

पाचवी पायरी: पत्ता घालताना घ्यायची काळजी

सर्वाधिक चुका इथे होतात. आपल्याकडचा पत्ता ‘प्लॉट नंबर अमुक, तमुक लेआउट’ असा असतो, आणि लेआउटमधले प्लॉट क्रमांक रस्त्याच्या क्रमाने लागतीलच असे नाही. त्यामुळे यंत्र लेआउटपर्यंत नेते आणि घर सापडत नाही. काटोल रोड किंवा कोराडी रोडवरच्या लग्नाच्या लॉनचीही हीच अडचण आहे. गावांच्या बाबतीत सारख्या नावांचा घोटाळा होतो. पिपळा म्हटले की सावनेर तालुक्यातले पिपळा डाकबंगला हवे आहे की बेसाजवळचे पिपळा, हे आपल्याला कळते, यंत्राला कळत नाही, आणि ही दोन ठिकाणे शहराच्या दोन टोकांना आहेत. म्हणून गावाबरोबर तालुका तपासावा, आणि रोमन लिपीतले नाव एका स्पेलिंगने सापडले नाही तर दुसऱ्या स्पेलिंगने शोधावे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे यजमानांकडून अक्षांश-रेखांश मागवून तेच यंत्रात घालणे. मात्र ते कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत, हे आधी पाहावे. मोबाइल साधारणपणे २१.१५ असे दशांशात देतो, आणि त्याचा अर्थ २१ अंश ९ मिनिटे होतो. तोच आकडा यंत्रात २१ अंश १५ मिनिटे असा घातला, तर आपण सहा मिनिटे उत्तरेला, म्हणजे जवळपास ११ किलोमीटर दूर पोहोचतो. माझ्या ओळखीतले एक कुटुंब याच चुकीमुळे साक्षगंधाच्या कार्यक्रमाला दीड तास उशिरा पोहोचले होते.

सहावी पायरी: रस्त्यावर यंत्राचे कुठे ऐकावे आणि कुठे ऐकू नये

शहरातले दुमजली उड्डाणपूल यंत्राला गोंधळात टाकतात. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे. कामठी रोडवर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक असा ५.६७ किलोमीटरचा तसाच पूल आहे आणि गड्डीगोदामजवळ तर रेल्वेमार्गही त्या रचनेत आला आहे. उपग्रहांवरून काढलेली उंची ही जागेइतकी अचूक नसते, शिवाय पुलाखाली संदेश अडतात आणि खांबांवरून परावर्तित होतात. त्यामुळे आपण खालून जात असताना यंत्र पुलावरच्या सूचना देते. पुलावर चढायचे की नाही, हे पाटी पाहून आधीच ठरवावे आणि खालून जात असताना ‘मार्ग पुन्हा शोधत आहे’ या सूचनेकडे दुर्लक्ष करून सरळ जात राहावे. समृद्धी महामार्गावर मात्र उलट वागावे: तिथे एक निर्गम चुकला तर पुढचा येईपर्यंत बरेच किलोमीटर जावे लागते, म्हणून अंतराची सूचना लक्षपूर्वक ऐकावी.

यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘सर्वांत कमी अंतर’ ऐवजी ‘सर्वांत कमी वेळ’ निवडावे आणि कच्चे रस्ते टाळण्याची सोय सुरू ठेवावी. एका पावसाळ्यात भिवापूरच्या बाजूने परतताना मी कमी अंतराचा पर्याय तसाच राहू दिला होता. यंत्राने मुख्य रस्ता सोडून गावरस्त्याला नेले आणि अंधारात समोर नाल्यावरचा रपटा आला, त्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते. यंत्रावर तो सरळ, अखंड रस्ता होता. मागे एक ट्रॅक्टर आला, त्याच्या चालकाने परत फिरायला सांगितले आणि मी फिरलो. रपट्यावर पाणी असेल तर कोणतेही यंत्र काहीही सांगो, गाडी घालू नये. जंगलभागात जाताना वाटेतल्या गावांची नावे कागदावर क्रमाने लिहून न्यावीत. चिखलदऱ्यासाठी कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा एवढी चिठ्ठी पुरते. पुढचे अपेक्षित गाव आले नाही की थांबून विचारावे.

सातवी पायरी: देखभाल

गाडी उन्हात उभी करताना यंत्र काढून सोबत न्यावे, कारण त्यातही लिथियमची बॅटरी असते आणि बंद गाडीतल्या उष्णतेने ती फुगते. काचेवरचा चकतीचा गोल ठसाही पुसून टाकावा, तो पाहून चोराला आत यंत्र असल्याचे कळते. दर तीन महिन्यांनी, निदान दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीच्या आधी, नकाशा अद्ययावत करावा. ‘घर’ म्हणून स्वतःच्या दाराचा पत्ता न साठवता जवळच्या चौकाचा साठवावा, आणि यंत्र कोणाला देताना किंवा गाडी दुरुस्तीला सोडताना साठवलेली ठिकाणे व मागील मार्ग पुसून टाकावेत.