पुरलेल्या लाकडावरचा गादीवाफा: भरणी आणि निगा

झाडांची छाटणी झाल्यावर उरणारे ओंडके आणि फांद्या जाळून टाकण्याऐवजी चरात रचून त्यांवर माती चढवली, तर त्या ढिगाचा पुढे कित्येक वर्षे भाजीपाल्यासाठी गादीवाफा म्हणून उपयोग करता येतो. जर्मन भाषक प्रदेशात ‘ह्यूगलकुल्टुर’ या नावाने रूढ असलेली ही पद्धत ऑस्ट्रियातील शेतकरी सेप होल्झर यांच्या कामामुळे जगभरातील बागकाम करणाऱ्यांपर्यंत पोचली. पोचताना तिच्याभोवती काही अतिरंजित दावेही जमा झाले, आणि अशा वाफ्याला ना पाणी लागते ना खत, असे सर्रास सांगितले जाऊ लागले. प्रत्यक्षात ताजे पुरलेले लाकूड सुरुवातीच्या काळात वाफ्याला काही देत तर नाहीच, उलट मातीतले नत्र ओढून घेते. पाणी धरून ठेवण्याचा गुणही ते कुजू लागल्यावरच त्यात येतो. त्यामुळे वाफा साधणे न साधणे हे लाकडापेक्षा त्याच्या सांदीफटींत काय भरले यावर अधिक अवलंबून असते.

कुजण्याची क्रिया नीट चालण्यासाठी साधारणपणे 25 ते 30 भाग कर्बामागे 1 भाग नत्र लागते. शेणखतात किंवा ताज्या गवतात हे प्रमाण आधीच अनुकूल असते. लाकडात मात्र एका भाग नत्रामागे कित्येक शे भाग कर्ब असतो. हा तुटवडा बुरशी आणि जिवाणू आजूबाजूच्या मातीतून भरून काढतात, आणि तेवढ्या काळापुरते ते नत्र पिकाच्या मुळांना मिळत नाही. ही ओढाताण लाकूड आणि माती जिथे एकमेकांना भिडतात त्या पृष्ठभागावर चालते. म्हणूनच मनगटाहून जाड ओंडके फारसे त्रासदायक ठरत नाहीत, पण भुसा किंवा बारीक ढलप्या मातीत कालवल्या तर रोपे हमखास पिवळी पडतात. भुसा भरणीत घालूच नये. जवळ असलाच, तर सगळे काम झाल्यावर वरून आच्छादन म्हणून पातळ पसरावा.

लाकूड निवडताना अर्धवट कुजलेल्याला पहिली पसंती द्यावी. सालीखाली नख रुतले, तुकडा मोडल्यावर आत बुरशीचे पांढरे तंतू दिसले आणि मुठीत दाबल्यावर ओल जाणवली, तर ते लाकूड कामाचे आहे असे समजावे. साग, बाभूळ यांसारखे टिकाऊ लाकूड कुजायला फार वेळ लावते, त्यामुळे ते पुरण्यापेक्षा वाफ्याच्या कडेला आधार म्हणून लावणे शहाणपणाचे. निलगिरीतील द्रव्ये आणि काळ्या अक्रोडातील जुग्लोन हे दुसऱ्या रोपांच्या वाढीला बाधक ठरतात, म्हणून ही लाकडे वगळावीत. शेवगा, पांगारा, गिरिपुष्प यांच्या हिरव्या फांद्या पुरल्यास त्यांना मातीतच फुटवे येतात; त्या पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नयेत. रंग दिलेले, वाळवी लागू नये म्हणून रसायन पाजलेले, तसेच प्लायवूड किंवा रेल्वेचे जुने स्लीपर अशा लाकडाला खाण्याच्या पिकाखाली अजिबात थारा देऊ नये.

जागा सपाट किंवा अगदी मंद उताराची असावी. उतारावर समपातळीत वाफा घालून त्याच्या वरच्या अंगाला पावसाचे पाणी अडवण्याचा मोह अनेकांना होतो, पण पुरेसे न कुजलेले लाकूड पाण्यावर तरंगते, आणि मागे पाणी तुंबले की असा वाफा बांधासारखा उभा न राहता मातीसकट घसरू शकतो. पाणी अडवायचे असेल तर निव्वळ मातीचा बांध वेगळा घालावा. घराच्या पायापासूनही वाफा बऱ्यापैकी लांब असावा, कारण पुरलेले लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रणच होय.

रुंदी 1.2 मीटरपर्यंत ठेवली तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. लांबी जागेप्रमाणे ठरवावी. आधी वरची सुपीक माती खरवडून एका बाजूला आणि तिच्यावरचे गवताचे थर दुसऱ्या बाजूला काढून ठेवावेत, मग साधारण 30 सेंटीमीटर खोल चर खणावा. पाणी साचणाऱ्या चिकण जमिनीत मात्र चर खणू नये. तिथे तळाशी पाणी तुंबून लाकूड हवेविना सडते आणि दुर्गंधी सुटते. अशा ठिकाणी जमिनीवरच रचना करावी.

खरे काम भरणीचे आहे, आणि घाईही तिथेच होते. सर्वांत जाड ओंडके आदल्या दिवशी भिजवून चरात शक्य तितके जवळजवळ ठेवावेत. दोन ओंडक्यांमध्ये राहिलेल्या फटींत खणलेली माती आणि शेणखत मिसळून हाताने लोटावे, काठीने खालपर्यंत ढोसावे आणि वरून पाणी सोडावे. पाण्याबरोबर चिखल खाली उतरतो, बुडबुडे वर येतात आणि मघाशी भरल्यासारखी वाटणारी फट पुन्हा उघडी पडते. बुडबुडे थांबेपर्यंत आणि माती खचायची थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करावे लागते. ही कटकट टाळली तर आत पोकळ्या राहतात, तिथे उंदीर बिळे करतात, मुळे हवेत लोंबकळून सुकतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात वाफ्याला खड्डे पडतात. ओंडक्यांवर फांद्या, त्यांवर काटक्या असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक थराला माती-पाण्याची हीच भरणी द्यावी. एकदम सगळे लाकूड रचून शेवटी वरून माती ओतल्यास ती तळापर्यंत पोचत नाही.

काटक्यांवर काढून ठेवलेले गवताचे थर मुळे वर आणि पाने खाली अशा रीतीने उलटे घालावेत. त्यांवर पालापाचोळा आणि ताजे हिरवे गवत, मग शेणखत किंवा अर्धवट कुजलेले कंपोस्ट, आणि सर्वांत वर किमान 20 ते 30 सेंटीमीटर चांगली माती, असा क्रम लावावा. लाकडाला लागणारे नत्र या मधल्या हिरव्या आणि शेणाच्या थरांतून मिळायचे असते, म्हणून त्यांत काटकसर करू नये. शेणखत वापरण्यापूर्वी हाताने फोडून पाहावे आणि हुमणीच्या अळ्या दिसल्यास वेचून काढाव्यात.

उंची किती असावी याबद्दल मतभेद आहेत. छातीएवढे उंच, उभ्या उताराचे वाफे छायाचित्रांत भारदस्त दिसतात खरे, पण त्यांची माती पावसाने वाहते आणि माथा लवकर सुकतो. पहिलाच वाफा असेल तर जमिनीपासून 60 ते 75 सेंटीमीटर उंची आणि चढता येईल इतपत सौम्य उतार पुरे. चौकटीचा उंच वाफा भरतानाही हीच पद्धत चालते. तिथे खालचा तिसरा हिस्सा लाकडाचा ठेवावा, म्हणजे मातीची मोठी बचत होऊनही मुळांना पुरेशी खोली उरते. काम पूर्ण होताच वाफा वाळक्या गवताने किंवा पाचोळ्याने झाकावा. उघडी माती एका पावसातही काटक्यांपर्यंत धुपू शकते.

पहिल्या हंगामात वाल, चवळी, घेवडा अशी द्विदल पिके घ्यावीत, कारण त्यांच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र मिळवून देतात. भोपळ्यासारखे वेलही चालतात. त्यांच्या पानांची सावली उतारावरची माती झाकून ठेवते. गाजर-मुळा एवढ्यात लावू नये, कारण काटक्यांना अडून मुळे वेडीवाकडी होतात. पालेभाज्यांना नत्राची भूक मोठी असल्याने त्यांनाही वर्षभर थांबवलेले बरे. रोपांची खालची, जुनी पाने आधी पिवळी पडू लागली तर नत्र कमी पडत आहे असे समजून कंपोस्ट किंवा पातळ केलेले शेणपाणी द्यावे.

पहिले वर्षभर पाणी नेहमीच्या वाफ्याइतकेच, किंबहुना माथ्यावर थोडे जास्तच द्यावे लागते. लाकूड जसजसे मऊ होते तसतसे ते स्पंजासारखे पाणी शोषून धरते आणि दोन पाण्यांमधले अंतर वाढवता येते. ते किती वाढवावे हे दिवस मोजून न ठरवता बोट दोन पेरे मातीत घालून ठरवावे. मधूनच वाफ्यावर अळंबी उगवतात. लाकूड कुजत असल्याची ती चांगली खूण आहे, मात्र खात्रीशीर ओळख पटल्याशिवाय ती खाऊ नयेत. वाळवी दिसली तरी लगेच औषध मारू नये, कारण तिचे पोट बहुतेक वेळा मेलेल्या लाकडावरच भरते. वाफा फार सुकला तर मात्र ती रोपांकडे वळू शकते, म्हणून ओल टिकवावी.

लाकूड कुजते तसा वाफा खचतो, आणि हे खचणे पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असते. त्यामुळे त्यावर फळझाड किंवा दीर्घायुषी झुडूप लावू नये. माती खाली बसली की मुळे उघडी पडतात आणि झाड कलते. दर हंगामाच्या शेवटी पिकाची मुळे न उपटता रोपे जमिनीलगत कापावीत आणि खचलेल्या जागी कंपोस्ट व माती भरावी. काही वर्षांनी वाफा जमिनीच्या पातळीला आला, तर तो खणून पुन्हा लाकूड भरण्याची गरज नसते; तीच जागा साधा वाफा म्हणून वापरावी आणि नव्या छाटणीसाठी शेजारी दुसरा चर घ्यावा.