फूड स्टॅम्पची कामाची अट: सूट कशी मागायची आणि कशी टिकवायची

अमेरिकेतल्या फूड स्टॅम्प योजनेचं अधिकृत नाव २००८ पासून स्नॅप झालं, लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव आहे. ईबीटी कार्डावर दर महिन्याला किराण्याचे पैसे देणाऱ्या या योजनेत काम करू शकणाऱ्या प्रौढांना काही अटी पाळाव्या लागतात. पहिली अट वर्क रजिस्ट्रेशनची, म्हणजे कामासाठी नाव नोंदवण्याची. आजारी, लहान मुलं सांभाळणारे, घरच्या रुग्णाची सेवा करणारे, आधीच पुरेसं काम करणारे अशा बऱ्याच लोकांना कायद्याने यातून सूट दिलेली आहे. पण केसवर्करला, म्हणजे तुमचा अर्ज हाताळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला, कारण ठाऊक नसेल तर ती सूट फाइलवर येत नाही, आणि हक्क असूनही मदत थांबते. म्हणून कारण स्वतः सांगायचं, कागदासह सांगायचं, आणि ते नोंदलं गेलं का हे तपासायचं.

आधी दोन अटी वेगळ्या करा

बहुतेक गोंधळ इथेच होतो. पहिली सर्वसाधारण अट १६ ते ५९ वयाच्या लोकांना लागते. तिच्यात नाव नोंदवायचं, राज्याने प्रशिक्षणाला पाठवलं तर जायचं, योग्य नोकरी समोर आली तर ती नाकारायची नाही, आणि हातातली नोकरी सबळ कारणाशिवाय सोडायची नाही किंवा तिचे तास आठवड्याला ३० च्या खाली आणायचे नाहीत. नोंदणीसाठी बहुधा वेगळ्या कार्यालयात जावं लागत नाही. अर्ज भरताना ती होते आणि दर १२ महिन्यांनी पुन्हा करावी लागते.

दुसरी अट जास्त कडक आहे. १९९६ च्या कल्याणकारी सुधारणा कायद्याने ती आणली. महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा मान्य स्वयंसेवा केली नाही, तर ३६ महिन्यांत फक्त ३ महिने मदत मिळते. ही मुदत आधी ४९ वर्षांपर्यंतच्या लोकांना होती. २०२३ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने ५४ पर्यंत नेली, आणि ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ६४ पर्यंत. त्याच कायद्याने बेघर, माजी सैनिक आणि फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या पालकांच्या सांभाळातून, बाहेर पडलेले २४ वर्षांपर्यंतचे तरुण यांना मुदतीतून मिळणारी खास सूट काढून टाकली, आणि अमेरिकेतल्या आदिवासी समुदायांसाठी नवी सूट घातली.

आता ६० ते ६४ वयाचे लोक पाहा. पहिल्या अटीतून ते वयामुळेच बाहेर पडतात, पण दुसरी त्यांना लागू राहते. "साठ झाली, आता कसली अट" असं समजून पत्रं बाजूला ठेवलीत तर तीन महिन्यांनी कार्ड रिकामं होईल. वयाशिवाय दुसरं एखादं कारण असेल तर ते याच वेळी सांगून ठेवा. वर्क रजिस्ट्रेशनमधून सूट देणारं वयाखेरीज कोणतंही कारण तीन महिन्यांच्या मुदतीतूनही सूट देतं.

तुमचं कारण शोधा

पुढच्या कारणांपैकी जेवढी लागू असतील तेवढी सगळी लिहून ठेवा. एक सापडलं म्हणून थांबू नका, कारण ते पुढच्या महिन्यात संपूही शकतं.

शारीरिक किंवा मानसिक कारणाने काम जमत नसेल तर सूट आहे. त्यासाठी सोशल सिक्युरिटीचं अपंगत्व मंजूर झालेलंच असावं लागतं असं नाही. पाठीचं दुखणं, नैराश्य, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती अशी तात्पुरती कारणंही चालतात. असमर्थता उघड दिसत असेल तर केसवर्कर स्वतःच तशी नोंद करू शकतो.

सहा वर्षांखालच्या मुलाची जबाबदारी असेल, किंवा स्वतःचं स्वतः करू न शकणाऱ्या माणसाची सेवा करत असाल, तर सूट आहे. तो माणूस तुमच्याच घरात राहायला हवा असं नाही. मुलाची जबाबदारीही फक्त आईवडिलांचीच धरली जात नाही. नातवंडाचा सांभाळ करणारी, त्याच कुटुंबात राहणारी आजीही या कारणात बसू शकते. मुलगा सहा वर्षांचा झाला की सर्वसाधारण सूट संपते, पण लगेच त्याच दिवशी नाही. सहावा वाढदिवस मंजुरीच्या कालावधीत आला तर नोंदणी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी करावी लागते. तीन महिन्यांच्या मुदतीसाठी मात्र १४ वर्षांखालचं मूल धरलं जातं. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाच्या आईला नाव नोंदवावं लागेल, पण तिची मदत तीन महिन्यांत संपणार नाही. गरोदर स्त्रियांनाही मुदतीतून सूट आहे.

आठवड्याला ३० तास काम करत असाल, किंवा आठवड्याची कमाई केंद्रीय किमान वेतन गुणिले ३० तास एवढी असेल, तर सूट आहे. केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर असल्याने हा आकडा २१७.५० डॉलर होतो. राज्याचं किमान वेतन जास्त असलं तरी हिशोब केंद्राच्या दराने होतो, आणि त्याचा फायदा तुम्हालाच होतो. तासाला १५ डॉलर मिळत असतील तर आठवड्याला साडेचौदा तासांतच हा आकडा गाठला जातो. अर्धवेळ काम करणारे बरेच लोक "माझे तीस तास होत नाहीत" म्हणून हे कारण सोडून देतात. तास आणि कमाई या दोन्हींपैकी एक पुरलं तरी पुरे.

बेरोजगार भत्ता मिळत असेल, किंवा त्यासाठी अर्ज केला असून त्या अर्जामुळेच कामासाठी नाव नोंदवावं लागत असेल, तर सूट आहे. व्यसनमुक्तीच्या उपचारांना नियमित जाणारे, मग ते निवासी असोत की रोज ये-जा करणारे, आणि टॅन्फ या रोख मदत योजनेच्या कामाच्या अटी पाळणारे यांनाही आहे.

शाळा, महाविद्यालय किंवा मान्य प्रशिक्षणात किमान अर्धवेळ शिकणाऱ्यांनाही सूट आहे, पण इथे एक खाच आहे. १८ ते ४९ वयाच्या, उच्च शिक्षण अर्धवेळ किंवा जास्त घेणाऱ्या विद्यार्थ्याला स्नॅप मिळायला वेगळी पात्रता लागते, उदाहरणार्थ आठवड्याला २० तास पगारी काम, वर्क-स्टडी (शिकताना सरकारी अनुदानातून मिळणारं काम) किंवा सहा वर्षांखालचं मूल. नोंदणीतून सुटलात म्हणजे मदतीला पात्र झालात असं होत नाही.

परदेशातून आलेल्यांनी आधी हे पाहावं

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न सहसा ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांबाबत येतो. एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना स्नॅप मिळतच नाही, त्यामुळे कामाच्या अटीचा प्रश्नच येत नाही. अशा घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल मात्र नागरिक म्हणून पात्र असू शकतं. ग्रीन कार्डधारक प्रौढाला बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं, आणि ज्याने प्रायोजक म्हणून हमीपत्र दिलं त्याचं उत्पन्नही हिशोबात धरलं जाऊ शकतं.

हे टप्पे ओलांडलेल्या एका घराचं उदाहरण घ्या. वडील ६२ वर्षांचे, आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. वडील अर्जावर वय लिहून थांबले तर तीन महिन्यांची मुदत त्यांना लागू होईल. "अपंग पत्नीची सेवा करतो" हे कारण लिहून आईच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं, तर दोन्ही अटी सुटतात.

कागद जमवा

डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं वर्णन लांबलचक असण्यापेक्षा चार गोष्टी नेमक्या हव्यात: ही व्यक्ती काम करू शकत नाही, केव्हापासून, अंदाजे किती काळ, आणि सही-तारीख. "रुग्ण माझ्याकडे उपचार घेत आहे" एवढंच लिहिलेलं पत्र कमी पडतं, आणि नेमकी तशीच पत्रं जास्त दिली जातात. डॉक्टरांची भेट महिन्याभराने मिळणार असेल तर थांबू नका. नर्स, फिजिशियन असिस्टंट, परवानाधारक मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक यांचं निवेदनही चालतं. बऱ्याच राज्यांत यासाठी ठरलेला एक पानी फॉर्म असतो. तो आधी मागून घ्या, डॉक्टरांना त्यावर खुणा करणं सोपं जातं.

सेवा करणाऱ्याने ज्याची सेवा करतो त्याच्या असमर्थतेचं पत्र द्यावं. काम करणाऱ्याने अलीकडच्या चार आठवड्यांच्या पगाराच्या पावत्या जोडाव्यात. रोख पैसे मिळत असतील तर मालकाचं सहीचं पत्र द्यावं, त्यात आठवड्याचे तास आणि रक्कम हवी. डबे करणारे, शिवणकाम करणारे, टॅक्सी चालवणारे अशा स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी तारीखवार तास आणि जमा-खर्च यांची वही ठेवावी. मागून आठवून लिहिलेल्या वहीवर शंका घेतली जाते. बेरोजगार भत्ता असेल तर मंजुरीचं पत्र, शिक्षण असेल तर किती क्रेडिट घेतली आहेत हे दाखवणारा नोंदणीचा कागद, आणि उपचार सुरू असतील तर केंद्राचं हजेरीपत्र जोडा.

अर्जात आणि मुलाखतीत काय सांगावं

अर्जात "सध्या काम करता का" या प्रश्नाला नुसतं "नाही" लिहून पुढे जाऊ नका. शेजारी किंवा जोडपत्रावर कारण एका वाक्यात लिहा. घरातल्या प्रत्येक प्रौढासाठी वेगळं लिहा, कारण सूट माणसाला मिळते, कुटुंबाला नाही.

मुलाखत बहुधा फोनवर होते. तिच्यात केसवर्करने प्रत्येक सदस्याला कोणती अट लागू आहे आणि कोणती सूट आहे हे तपासायचं असतं. ज्यांना अट लागते त्यांना ती तोंडी समजावून सांगणं आणि लेखी नोटीस देणं ही राज्याची जबाबदारी आहे. घाईत हे राहून जातं. तेव्हा सरळ विचारा: "माझ्या नावापुढे वर्क रजिस्ट्रेशनची कोणती सूट नोंदली आहे? मला तीन महिन्यांची मुदत लागू आहे का?" उत्तर, केसवर्करचं नाव आणि तारीख टिपून ठेवा. आईवडिलांना इंग्रजी अवघड जात असेल तर मोफत दुभाषा मागा, मराठी असं स्पष्ट सांगून. मुलगा किंवा सून घाईघाईत भाषांतर करतात तेव्हा "हो, काही त्रास नाही" असं उत्तर जातं, आणि गुडघ्यांमुळे दहा मिनिटं उभं राहता येत नाही ही गोष्ट फाइलवर येतच नाही.

सामान्य अर्जाचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा, अगदी कमी उत्पन्न आणि शिल्लक असलेल्या घरांना ७ दिवसांत मदत मिळायला हवी. मंजुरीचं पत्र आलं की रकमेबरोबर कामाच्या अटीचा मजकूरही वाचा. सूट असूनही नोंदणीचा किंवा ८० तासांचा उल्लेख दिसला, तर त्याच आठवड्यात फोन करा आणि कागद पुन्हा पाठवा. अपलोड केल्याची पावती किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

सूट संपते तेव्हा

बेरोजगार भत्ता थांबला, डॉक्टरांनी लिहिलेला काळ उलटला, नोकरीचे तास घटले, की सूटही संपू शकते. अशा वेळी आधी लिहून ठेवलेली दुसरी कारणं उपयोगी पडतात. कोणता बदल किती दिवसांत कळवायचा हे मंजुरीच्या पत्रात लिहिलेलं असतं. ८० तासांच्या अटीवर असलेल्याने मात्र तास त्याखाली गेले की कळवलंच पाहिजे. हे ८० तास पगारी कामाचेच असावे लागत नाहीत. वस्तूंच्या बदल्यात केलेलं काम आणि पडताळता येणारी स्वयंसेवाही धरली जाते. देवळात किंवा फूड बँकेत सेवा देणाऱ्यांनी संस्थेकडून तासांचं सहीचं पत्र घ्यावं.

तीन महिने संपून मदत थांबली असेल, तर ३० दिवसांच्या काळात ८० तास भरून ती पुन्हा सुरू करता येते. नंतर सूट मिळण्याचं कारण निर्माण झालं तरी पुन्हा अर्ज करता येतो.

नोटीस आली तर

सर्वसाधारण अट मोडल्याचा ठपका पहिल्यांदा आला तर त्या व्यक्तीची मदत किमान एक महिना थांबते, दुसऱ्यांदा किमान तीन महिने, तिसऱ्यांदा किमान सहा. राज्यांना याहून कडक होण्याची मुभा आहे. पण सबळ कारण असेल तर दंड लागत नाही. स्वतःचं किंवा घरच्याचं आजारपण, घरातली आणीबाणी, जायला वाहन नसणं, ६ ते ११ वर्षांच्या मुलासाठी पाळणाघर न मिळणं, ही सगळी मान्य कारणं आहेत. आणि त्या काळात तुम्हाला सूटच लागू होती हे दाखवता आलं, तर ठपकाच टिकत नाही. म्हणून नोटीस हातात आल्यावर उशिराने का होईना, सवलतीचं कारण आणि कागद पाठवा.

तरीही निर्णय बदलला नाही तर फेअर हिअरिंग, म्हणजे त्या निर्णयाविरुद्ध सुनावणी, मागा. त्यासाठी ९० दिवसांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका. कपात लागू होण्याच्या तारखेआधी मागणी केली तर निकाल लागेपर्यंत जुनी रक्कम चालू ठेवता येते. निकाल विरुद्ध गेला तर ती परत करावी लागू शकते. मागणी लेखी करा, एक ओळ पुरते. सुनावणीला डॉक्टरांचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि मुलाखतीच्या दिवशी टिपून ठेवलेलं नाव-तारीख बरोबर न्या. जवळच्या लीगल एड कार्यालयात कमी उत्पन्नाच्या लोकांना अशा प्रकरणात फुकट वकील मिळू शकतो, आणि तो सुनावणीआधी केसवर्करशी बोलला तर पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटतं.