नव्या सहकाऱ्याला मर्जचा अधिकार देण्याआधी आणि दिल्यानंतर

तुमच्या ओपन सोर्स प्रकल्पात कुणीतरी काही महिन्यांपासून नियमित पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवतं आहे. कोड नीटनेटका असतो, रिव्ह्यूतल्या सूचना मनावर घेतल्या जातात, दुसऱ्यांच्या इश्यूंनाही (नोंदवलेल्या अडचणी-सूचनांना) न सांगता उत्तरं दिली जातात. या व्यक्तीला आता मर्जचा, म्हणजे असे बदल मुख्य कोडमध्ये सामील करण्याचा, अधिकार द्यावा, असं तुम्हाला वाटू लागलंय. सेटिंग्जमध्ये जाऊन तो देणं हे दोन मिनिटांचं काम. तेवढंच करून थांबलात, तर बहुतेकदा एकच होतं: अधिकार हाती असूनही माणूस काही मर्ज करत नाही. ‘हे मी करायचं का, की आधी विचारायचं?’ हा प्रश्न त्याच्या मनात अडून राहतो आणि तुमच्यावरचा भार तसाच राहतो. म्हणून अधिकारासोबत थोडा वेळही द्यावा लागतो. तो कुठे आणि कसा द्यायचा, ते पाहू.

१. निवड करताना काय पाहावं

कोडच्या ओळी मोजू नका. मतभेद झाले तेव्हा ती व्यक्ती कशी वागली, ते शोधा. नाकारलेली एखादी जुनी पुल रिक्वेस्ट उघडा आणि तिथला संवाद वाचा. नकार मिळाल्यावर कारण समजून घेणारा, वेगळा मार्ग सुचवणारा माणूस मोठा प्रकल्प सांभाळू शकतो. दुसऱ्यांचा कोड तो वाचतो का, हेही पाहा. मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) बराचसा वेळ त्यातच जातो.

निर्णय एकट्याने घेऊ नका. नोड जेएस (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) या ओपन सोर्स प्रकल्पात आधीचा एखादा सहकारी नाव सुचवतो आणि बाकीच्यांना आक्षेप नोंदवायला सात दिवस मिळतात. दोन-तीन जणांच्या प्रकल्पालाही ही पद्धत सहज जमते.

आणि थकलेले असताना, कुणाच्या दबावाखाली अधिकार देऊ नका. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला होता. त्याच काळात इतर काही खाती मूळ मेंटेनरच्या मागे लागली होती: कामं तुंबली आहेत, आणखी माणसं घ्या. एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडण्याची पद्धत) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं आणि प्रकार उघडकीला आला. हे ऐकून नव्या माणसांना दारं बंद करावीत, असं मी म्हणणार नाही. एकट्या मेंटेनरवर सगळा भार असतो तिथेच असं होणं सोपं असतं. मात्र रिलीजवर कायम दोघांची नजर हवी.

२. आधी खासगीत विचारा

सर्वांसमोर घोषणा केली की नाही म्हणणं अवघड होतं. असा निरोप पुरतो:

‘नमस्कार. तुम्ही पार्सरमध्ये केलेल्या दुरुस्त्या आणि इतरांच्या पुल रिक्वेस्टवर दिलेले अभिप्राय आम्हाला फार उपयोगी पडले. तुम्ही या प्रकल्पाचे सहकारी व्हावं, असं आम्हा तिघांनाही वाटतं. मर्जचा अधिकार मिळेल. तासांचं बंधन नाही, जमेल तेव्हा जमेल तेवढं. नको असेल तर निःसंकोच सांगा, तुमचं आत्ताचं काम आहे तसंच चालू राहील.’

नेमकं कोणतं काम आवडलं, ते त्यात लिहाच. मोघम कौतुक वाचून समोरच्याला आपल्याकडून काय हवंय, ते कळत नाही.

३. तांत्रिक तयारी

गिटहबवर (कोड ठेवून त्यावर एकत्र काम करण्याच्या वेबसाइटवर) प्रकल्प तुमच्या वैयक्तिक खात्याखाली असेल, तर तिथे मालक आणि सहकारी एवढेच दोन स्तर मिळतात. ऑर्गनायझेशन काढून प्रकल्प तिथे हलवला की रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन आणि अ‍ॅडमिन असे पाच स्तर मिळतात. ट्रायाजपासून सुरुवात करणं मला उत्तम वाटतं. लेबलं लावणं, इश्यू बंद करणं, कामं नेमून देणं हे सगळं त्यात करता येतं आणि कोडला हात लागत नाही.

राइट (मर्जचा अधिकार यात येतो) देण्याआधी मुख्य ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेला, संरक्षण लावा: थेट पुश बंद, टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज नाही, किमान एका दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी आवश्यक. टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) सर्वांना सक्तीचं करा. हे नियम तुम्हालाही लागू ठेवा, म्हणजे नव्या माणसाला आपल्यावर पहारा बसवलाय असं वाटणार नाही. पॅकेज प्रकाशित करण्याचे अधिकार पहिल्या दिवशी देऊ नका. पण ते एकट्या तुमच्याकडेही राहू देऊ नका.

४. तासभर एकत्र बसा

सगळ्यात जास्त फळ देणारी पायरी हीच, आणि नेमकी तीच टाळली जाते. व्हिडिओ कॉल लावा आणि स्क्रीन नव्या सहकाऱ्याला शेअर करू द्या. तुम्ही दाखवत गेलात तर समोरचा फक्त मान डोलावतो.

नुकताच आलेला एखादा इश्यू उघडायला सांगा. कोणतं लेबल लावाल? माहिती अपुरी आहे, तर काय विचाराल? मग एक पुल रिक्वेस्ट. ती किती वेळ उघडी ठेवायची, ते सांगा. नोड जेएसमध्ये साधारणपणे ४८ तास थांबतात, म्हणजे वेगवेगळ्या टाइम झोनमधल्या लोकांना पाहायला सवड मिळते. तुमचा नियम वेगळा असेल, पण तो लिहिलेला असावा. कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये (योगदान कसं द्यायचं ते सांगणाऱ्या) सहसा न येणाऱ्या गोष्टीही याच वेळी सांगा: कोणत्या फोल्डरला हात लावण्याआधी कुणाला विचारायचं, कोणती सूचना वारंवार येते आणि आपण ती का नाकारतो.

शेवटी पहिलं काम द्या. रीडमीतल्या (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमधल्या) सहकाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव घालणारी पुल रिक्वेस्ट त्यांनीच करावी आणि सगळे नियम पाळून त्यांनीच मर्ज करावी. नोड जेएसमध्येही असंच करतात. बदल एका ओळीचा, पण ब्रँच, टेस्ट, मंजुरी, कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) मजकूर हा सगळा रस्ता त्यात येतो. तुम्ही गप्प राहून पाहा. जिथे ते अडतील तिथे तुमचं दस्तऐवजीकरण अपुरं आहे. ती दुरुस्ती हेच त्यांचं दुसरं काम.

५. रिव्ह्यूची भाषा

नवा सहकारी आता इतरांचा कोड तपासणार. एखाद्याची पहिलीच पुल रिक्वेस्ट आणि तिच्यावर स्पेस, स्वल्पविराम, नावं यांबद्दलच्या बारा सूचना, असं झालं तर तो माणूस बहुधा परत येत नाही. फॉरमॅटिंग लिंटरवर (कोडची मांडणी आपोआप तपासणाऱ्या साधनावर) सोपवा. आधी मूळ कल्पना योग्य आहे का, ते सांगा. बारीकसारीक सूचनेपुढे ‘ऐच्छिक’ असं लिहा.

‘हे चालणार नाही’ एवढंच लिहिलं की समोरच्याला पुढे काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी: ‘यादी रिकामी आली तर ही ओळ एरर देईल. वरच तपासणी घालता का? अशीच एक टेस्ट शेजारच्या फाइलमध्ये आहे, तीवरून नवी लिहिता येईल.’ यात अडचण, उपाय आणि मदत तिन्ही आलं. पहिले काही रिव्ह्यू दोघांनी मिळून करा.

६. पहिले दोन महिने

शंका विचारायला एकच व्यक्ती ठरवून द्या. ‘कुणालाही विचारा’ म्हटलं की कुणालाच विचारलं जात नाही. चुकीचं मर्ज झालं तर रिव्हर्ट कसं करायचं, हे एखाद्या सराव रिपॉझिटरीत करून दाखवा. रिव्हर्टने इतिहास पुसला जात नाही, उलटा बदल नव्या कमिटने नोंदवला जातो, हे एकदा हाताने केलं की भीती जाते. आणि त्यांनी घेतलेला निर्णय तुम्हाला थोडा वेगळा हवा होता, पण चुकीचा नाही, तर तो तसाच राहू द्या.

७. बाहेर पडण्याची वाट

नोकरी बदलते, घरी जबाबदाऱ्या येतात. काम थांबवायचं झालं तर एक ओळीचा निरोप पुरे, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. वर्षभर हालचाल नसेल तर आधी विचारा, मग अधिकार काढून घ्या, कारण न वापरलेलं खातं कुणाच्या हाती लागलं तर प्रकल्प धोक्यात येतो. नाव मात्र पुसू नका; माजी सहकाऱ्यांच्या यादीत हलवा. परत यायचं ठरलं, तर पुन्हा नामनिर्देशन लागणार नाही, हेही त्या यादीच्या वर लिहून ठेवा.